तिसऱ्यांदा विचारायचं असतं

…आणि वर मलाच म्हणतो, "बाबा, तुम्हीच तर नको म्हणालात." म्हणालो ना. म्हणणारच. नको म्हणायचंच असतं पहिल्यांदा, हे आमच्या तेहरानात रांगतं पोरसुद्धा जाणतं. चहा विचारला, नको. बसा म्हटलं, नको, उभा बरा आहे. मग समोरचा परत विचारतो, आपण परत नको म्हणतो, मग तो म्हणतो माझ्या गळ्याची शपथ, आणि मग आपण उपकार केल्यासारखं बसतो आणि चहा पितो. यात अवघड काय आहे? पण माझा बेहरंग, ज्यानं दोन कंपन्या काढल्या आणि विकल्या, जो आता गावोगाव भाषणं करत फिरतो की अमेरिकेतल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक पोराला कंप्युटर शिकवलाच पाहिजे, त्याला एवढं समजत नाही. मी एकदाच नको म्हटलं होतं, तुम्हाला सांगतो. एकदाच.

त्याचं भाषण ऐकलंय का तुम्ही? मी ऐकलंय. पाठ आहे. लोक रडतात. म्हणतो, "मी नऊ वर्षांचा होतो, तेहरानवर बॉम्ब पडत होते, आणि अशात आमच्या घरी एक कंप्युटर आला." आला म्हणे. कसा आला? चालत आला? चालत मी येत होतो, कारण माझी मोटरसायकल गेली होती, त्या कंप्युटरच्या बदल्यात, जोम्हूरी रस्त्यावरच्या एका लबाड दुकानदाराकडे. रजईत गुंडाळून आणला. बायको म्हणाली, "हे काय आणलंत?" मी म्हटलं, मला काय माहीत, पण पोरगं दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहतं रोज. तळघरात ठेवला. पुढं भाषणात म्हणतो, बॉम्बच्या आवाजात मी कंप्युटर शिकलो. कसला शिकलास? बॉम्ब पडले की वीज जायची. अंधारात त्या काळ्या काचेसमोर बसायचा आणि मी कंदील धरायचो, आणि तो कागदावर काहीतरी खरडायचा, वीज आली की घालीन म्हणून. हात भरून यायचा माझा. तो कंदील कुठंय भाषणात? "कंदीलही आला" असं तरी म्हण.

असो. पुढं इथं लॉस एंजेलिसला आलो. मी रिसिडामध्ये कपडे इस्त्री करायच्या दुकानात उभा राहिलो, बावीस वर्षं, उभाच. पहिल्या आठवड्यात एक गोरा कोट न्यायला आला. किती झाले, विचारलं. मी आपल्या रीतीनं म्हटलं, राहू द्या हो, तुमचंच दुकान आहे. तो म्हणाला "थँक यू" आणि कोट घेऊन निघून गेला. मालक माझ्याकडे बघतोय, मी दाराकडे बघतोय. बेहरंग तिथंच अभ्यास करत बसला होता, पोट धरून हसला. मला वाटलं, चला, पोरगं शिकलं की आपल्यात काय असतं आणि यांच्यात काय असतं. शिकलंही. पण फक्त यांच्यातलं शिकलं.

आता शेजारी. ग्लेन टटल. वाईट माणूस नाही, पण अवघडलेपण नावाची गोष्ट त्याला देवानं दिलीच नाही. बेहरंगची पहिली कंपनी त्याच्या गॅरेजात सुरू झाली, कारण आमच्या गॅरेजात बायकोच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. गॅरेज दिलं खरं, पण रोज कुंपणावरून ओरडायचा, "नॉस, तुझा मुलगा दिवे बंद करत नाही." माझं नाव नोसरतोल्ला. बापानं ठेवलेलं. ग्लेननं त्याचं नॉस केलं, पहिल्याच दिवशी, न विचारता.

तर झालं असं. बेहरंगनं इथल्याच शाळेला, जिथं तो स्वतः शिकला, कंप्युटरची खोली बांधून दिली. शुक्रवारचं जेवण चाललं होतं. सून महनूश भाताची खरपूड उलटी करून ताटात काढत होती, आणि हा खाता खाता म्हणतो, "बाबा, त्या खोलीला तुमचं नाव द्यावं म्हणतोय." घास थांबला माझा. पण दाखवतो होय मी? मी म्हटलं, "नको रे. माझ्या नावात काय ठेवलंय?" मग खरपुडीचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि त्याच्या ताटात ठेवला, म्हणजे त्याला वेळ मिळावा. बघितलं त्याच्याकडे. तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. तुमची मर्जी." आणि खरपूड खाल्ली. कडाकडा.

मी म्हटलं, कामात आहे, उद्या विचारेल. नाही विचारलं. दुसऱ्या शुक्रवारी मीच विषय काढला. "त्या खोलीला दार केवढं आहे रे?" "नेहमीसारखं, बाबा." "वर पाटीबिटी मावेल?" "मावेल की." आणि टोमॅटो चिरत बसला. आता यापुढं माणसानं काय करावं? मी एकदाच नको म्हटलं होतं, आणि माझ्या पोरानं ते कायद्यासारखं धरून ठेवलं.

मग मला वाटलं, गुपित ठेवलंय. ऐन वेळी दाखवणार. माणूस म्हातारा झाला की मूर्खासारखी आशा करतो. उद्घाटनाला मी माझा सूट स्वतः इस्त्री केला, अशी घडी की लिंबू कापावं. पहिल्या रांगेत बसलो. पाटीवर निळं कापड टाकलं होतं. मी त्या कापडाकडेच बघत होतो. वाऱ्यानं जरा हललं तर मान वाकडी करत होतो. बेहरंग बोलला… बॉम्ब, तळघर, कंप्युटर आला… लोक रडले. मुख्याध्यापिकाबाईंनी दोरी ओढली.

ग्लेन टटल. पितळी अक्षरं. वाचता येईल अशी, रस्त्यावरून.

मला नंतर समजलं, त्या पहिल्याच शुक्रवारी जेवण झाल्यावर हा कुंपणाशी गेला होता आणि ग्लेनला विचारलं होतं. एकदाच. आणि ग्लेन म्हणाला, "मस्त. जरा मोठी अक्षरं लाव." संपलं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली त्या दिवशी. म्हणाला, "नॉस, पोरगा मोठ्या मनाचा आहे तुझा." मी म्हटलं, तुमचीच कृपा. हेही म्हणायचंच असतं. त्यानं मान डोलावली. खरंच वाटलं त्याला.

गाडीत मी मागं बसलो. सून हुशार आहे, शिराझची, तिथंच मोठी होऊन इकडे आलेली; मला आगाजान म्हणते. मागं वळून माझं तोंड बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तू आगाजानना किती वेळा विचारलंस?"

"एकदा. नको म्हणाले."

"एकदा?"

"अगं, नको म्हणजे नको. मी माणसाच्या शब्दाला मान देतो."

"गाढवा," ती म्हणाली, "तो शब्द नव्हता. ती सुरुवात होती."

हा गाडी चालवता चालवता आरशात बघतो. तोंड उतरलं त्याचं, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "बाबा, तुम्हाला हवं होतं? खरं सांगा. पाटी बदलून घेऊ का?"

आता हे झालं दुसऱ्यांदा. नीट मोजा. दुसऱ्यांदा माणूस काय म्हणतो? मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "नको, राहू दे. बिचाऱ्या ग्लेनला काय वाटेल?" आणि श्वास धरून बसलो. आता फक्त एकदा. एकदाच विचार, बाळा, शपथ घाल, आणि मी हो म्हणतो.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "आत्ताही नको म्हणाले." आणि गाडी वळवली.

तुम्हाला वाटेल सुनेनं त्याला सोडला. नाही सोडला. घरी पोचल्यावर भिंतीपल्याडून ऐकत होतो मी, बराच वेळ. आणि माझा मुलगा, मन मोठं आहे त्याचं, विमानानं पुढच्या भाषणाला जायच्या आधी दोन दिवस बसून त्यानं मला एक वस्तू करून दिली. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलीय. लहानशी काच. तिच्यात त्याचा आवाज भरलाय. म्हणाला, "बाबा, आता चूक होणार नाही. हिला मी सगळं शिकवलंय."

आज सकाळी मी टेबलाशी बसलो. काच उजळली. "बाबा, चहा घेणार?"

आता काचेला काय उत्तर द्यायचं? पण सवय. "नको."

"घ्या ना थोडा."

"नको रे, कशाला त्रास?"

"बाबा, माझ्या गळ्याची शपथ."

तुम्हाला सांगतो, बेहरंगचाच आवाज. तळघरात कंदील मागायचा ना, तोच.  म्हटलं, "बरं. घेतो."

"छान," काच म्हणाली आणि विझली.

मी बसलो. चहाच्या पाण्याचा समोवार थंड, ओटा कोरडा. पोरगं शिकागोत, कुणाच्या तरी पोरांना कंप्युटर मिळावा म्हणून भांडतंय. भांडू दे, चांगलं काम आहे. सून कामावर. मग उठलो, पाणी ठेवलं, चहा टाकला. दोन पेले भरले आणि एक घेऊन कुंपणाशी गेलो. "ग्लेन, चहा?"

"आण," तो म्हणाला.

त्याचं एक बरं आहे. त्याला एकदाच विचारावं लागतं.