पायथ्याची उघडी वही

ज्या कुणी ती वही तिथे ठेवली ना, त्याला एकदा सव्वीस वर्षांची बाई करून त्या डोंगरावर एकटं सोडलं पाहिजे! म्हणजे कळेल, सुरक्षा कशाला म्हणतात ते! अहो, इनोकुरा डोंगराची वाट सुरू होते तिथे एक लाकडी पेटी आहे, पेटीत वही, वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल आणि वर पाटी... 'आपल्या सुरक्षेसाठी नोंद करा'. आता मी पडले लहानपणापासून पाट्या वाचून वागणारी. लिहिलं सगळं. नाव कुरोसे मिहो, वय सव्वीस, फोन नंबर, कुठल्या वाटेनं चढणार, किती वाजता उतरणार... आणि शेवटचा रकाना, सोबत कोण? तिथे ठळक अक्षरात लिहिलं, 'कुणी नाही'. आणि वही तशीच उघडी ठेवून निघाले! का? तर मागून येणाऱ्याला पान शोधावं लागू नये! सौजन्य हो, दुसरं काय!

तुम्हाला सांगते, या एका रविवारसाठी मी वर्षभर थांबले होते. शिखरावर एकटीनं बसायचं, डब्यातले भाताचे दोन मुटके खायचे आणि अर्धा तास कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. बास. फार मागत होते का मी?

पहिल्या वळणावर एक जोडपं उतरत होतं. "नमस्कार! एकट्याच आलात?" हो. दुसऱ्या वळणावर निवृत्त बायकांचं आख्खं मंडळ काकड्या खात बसलेलं. "अगं बाई, एकट्याच आलात? घरी कुणी अडवलं नाही?" माझ्यापुढे दहा पावलांवर एक पुरुष चढत होता, तोही एकटाच, त्याला काय म्हणाल्या? "वा! काय दम आहे हो तुम्हाला!" त्याला दम, मला चौकशी!

आणि तेवढ्यात मागून हाक. "कुरोसे-सान!"

मला वाटलं, ऑफिसातलं कुणी! वळून बघते तर साठीचे एक गृहस्थ, दोन हातांत दोन काठ्या, धापा टाकतायत आणि हसतायत. "एकट्याच आलात ना? खाली वहीत वाचलं! मी मामिया. म्हटलं, पोर एकटी आहे, गाठलीच पाहिजे!"

गाठलीच पाहिजे! ऐकताय ना?

मग शिकवणी सुरू. नाडी अशी बांधा, श्वास तसा घ्या, "पाठपिशवीचा पट्टा ढिला आहे तुमचा"... आणि माझ्या खांद्यावरचा पट्टा स्वतःच्या हातानं खेचला हो! मी थांबले की ते थांबतात, मी पळाले की ते पळतात. तिसऱ्या टप्प्यावर मी आडनावानं, अदबीनं कुरोसे-सान होते, पाचव्यावर मिहो-सान झाले आणि सातव्यावर मिहो-चान! चान! आमच्याकडे चान लहान मुलींना लावतात, मांजरांना लावतात!

आणि आता जरा स्पष्टच बोलते. बाईमाणसाला चार तासांत कधीतरी झुडपामागे जावं लागतं की नाही? मी शेवटी धीर करून म्हणाले, "काका, तुम्ही व्हा पुढे, मला जरा..." तर म्हणतात कसे, "जा, जा! संकोच नको! मी इथेच उभा राहतो, राखण करतो!" राखण! सहा पावलांवर! अशा वेळी जमतं का कुणाला? तशीच चढले, दात-ओठ आवळून!

शेवटी काय केलं माहितीये? अस्वलाला दूर ठेवायला आम्ही पिशवीला घंटी लावतो. ती काढली, मोज्यात कोंबली आणि वाकणावर एका खडकामागे दडून बसले. काकांना ऐकू जाऊ नये म्हणून अस्वलाला आमंत्रण! ऑक्टोबर महिना, ऐन अस्वलांच्या खाण्याचे दिवस! आणि खरं सांगते, तिथे बसून मी कान लावले होते, ते अस्वलाच्या चाहुलीसाठी नव्हे.

काका गेले पुढे. "मिहो-चान! मिहो-चाऽन!" आख्खा डोंगर दणाणला. पाच मिनिटांत मागून चढत आलेलं ते काकडी मंडळ हाका मारत झाडीत घुसलेलं. "सापडली गं, सापडली! एकटीच आलीस ती आलीस, वर त्या बिचाऱ्यांना घोर लावलास?" आणि मी काय केलं असेल? कमरेत वाकून माफी मागितली! मी! माझी जीभ झडली कशी नाही तेव्हा! तिथून मागे फिरले. शिखर दोनशे मीटरवर होतं. मुटके गाडीत खाल्ले.

दुसऱ्या दिवशी फोनवर काकांचा निरोप. नंबर? त्या वहीतलाच! "मिहो-चान, सुखरूप पोचलीस ना? पुढच्या रविवारी कुठे?" सोबत फोटो. माझा. पाठमोरा. मला न सांगता काढलेला.

तशी उठले आणि गावच्या कचेरीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, आधी ती माझी ओळ फाडा, मग पेटीला कुलूप लावा, वही उघडी ठेवू नका, चिठ्ठ्या आत टाकू द्या. फार मोठं काही मागत नाहीये! टेबलापलीकडचा कारकून अतिशय नम्र. "ओळ फाडता येणार नाही. सरकारी नोंद आहे."

"नोंद कशासाठी?"

"आपण परत आला नाहीत तर शोधायला."

"मग संध्याकाळी कोण तपासतं, कोण उतरलं, कोण नाही?"

"तपासत... असं नाही. घरून फोन आला की काढतो वही."

"मी एकटी राहते. माझ्या घरून कोण फोन करणार?"

कारकून हळूच म्हणाला, "एकट्याच... राहता?"

मी टेबलावर हात आपटला. "अहो, तुमची वही वाचून माणूस माझ्या मागे लागला!"

शेजारच्या टेबलावर एक म्हातारेसे गृहस्थ चहा गाळत होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी मान वर केली आणि समाधानानं म्हणाले,

"चला, म्हणजे वही वाचणारा एक तरी निघाला म्हणायचा!"