चार जीबीचा कारभारी

मंडळी, या जगात कोणाचीही जागा कायमची नाही! — एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकलेली तेवढी सोडून. तेव्हा आजचा प्रश्न असा, की जागा खरी कोणाची? आधी अडवून बसला त्याची, की ज्याला या घडीला तिची गरज आहे त्याची?

ऐका. तालुक्याच्या एका गावी प्रल्हादराव खैरमोडे यांचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र. तिथल्या कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी राहतो. शिकलेले लोक त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पगार नाही, रजा नाही, आणि आठवण होते ती फक्त शिव्या देताना! खाली मेमरी नावाची चार जीबीची लहान खोली, वर डिस्कवरचा माळा. ज्याचं काम चालू आहे त्याला खोलीत जागा द्यायची. जो नुसता बसलाय त्याचं सामान शिडीने माळ्यावर न्यायचं. हाक आली, की परत खाली!

सोपं आहे? आहे हो! पण प्रल्हादराव काही बंद करतील तर ना! गेल्या वर्षीच्या याद्या — उघड्या. भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ — दिवाळीपासून उघडा. "असू दे. लागलं तर?"

एके दिवशी लीलाबाई दुसाने आल्या, लेक मोहिनीला घेऊन. वसतिगृहाचा अर्ज, मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. वसतिगृह मिळालं तर पोरीचं कॉलेज, नाहीतर घरीच.

"भाऊ, होईल ना?"

"मावशी, पाच मिनिटांचं काम!"

अर्ज उघडला. कारभारी व्हिडिओला म्हणतो, "जरा सरकता का?"

"मला मालकांनी उघडलंय!"

यादी म्हणते, "मी आधीची आहे!"

बरं, एकेकाने जागा मागून ठेवलीय दहा जणांची. बसलेत तिघे. बाकीच्या जागेवर — रुमाल!

कारभारी लागला शिडीला. ह्याचं गाठोडं वर, त्याचं खाली. खाली टेकवतोय तोच पुन्हा हाक! सगळा वेळ शिडीवर, काम शून्य. पडद्यावर नुसतं चक्र गरगरतंय. प्रल्हादराव चिडले, आणि केलं काय? तेच पान आणखी चारदा उघडलं! हसू नका. तुम्ही घरी वेगळं काय करता?

पाचाला सहा मिनिटं कमी. फक्त मोहिनीचा फोटो जोडायचा राहिला होता. अर्जाने त्यासाठी जागा मागितली — एवढीशी! कारभाऱ्याने खोली बघितली. माळा बघितला. तोही भरलेला. आधीच्यांना शब्द देऊन बसलेला तो, शेवटी आलेल्यालाच म्हणाला, "नाही."

अर्ज आपोआप बंद पडला. भरलेलं सगळं गेलं.

"भाऊ?"

"मावशी, सर्व्हर डाऊन आहे."

प्रल्हादरावांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. खोली रिकामी, माळा रिकामा, कारभारी ताजातवाना! कॉम्प्युटर झकास चालू लागला. तोवर पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

"चल आई," मोहिनी म्हणाली.

तुम्ही म्हणाल, बुवा, कारभारीच नालायक. अहो, जागा वाटायची त्याने. पण सोडायची कोणी?

तिकडे मागे, आपल्या या मंडपाच्या खांबापाशी, बायाबापड्या तासभर उभ्या आहेत. इथे पुढच्या रांगेत सात खुर्च्यांवर रुमाल आहेत.

आख्यान संपलं. रुमालवाले अजून आलेले नाहीत.