सोनुनबुबू एजेंना न दिसलेला माझा चेहरा

...आणि वर मलाच विचारतात, "का रे सागिनबेक, चिडलास का?" नाही! मी चिडलेलो नाही! तुम्हाला सांगतो, लाइपझिगला सहा वर्षं मानसशास्त्र शिकलेला माणूस असा चिडत नसतो!

स्वप्न काय होतं माझं? आमच्या नारिन शहरात प्रयोगशाळा काढायची. लोकांना दाखवायचं की बाबांनो, तुम्ही म्हणता ना 'का कोण जाणे, मनाला पटलं नाही', ते मनाने आधीच कुठेतरी पाहिलेलं असतं, फक्त तुम्हाला पत्ता नसतो! प्रयोग साधा. पडद्यावर एक चेहरा, हसरा किंवा रागीट, पापणी लवायच्या आत गायब, लगेच त्यावर जाजमाची नक्षी. माणूस म्हणतो, नक्षीच दिसली. चेहरा मात्र आत जाऊन बसलेला!

पण चेहरे आणू कुठून? आमच्याकडे फोटोत कोणी हसतं का? सगळे मयताला आल्यासारखे! रागावून बघा म्हटलं तर म्हणतात, अपशकुन. हसला फक्त एर्गेश, ट्रकवाला, तोही नवे सोन्याचे दात दाखवायला. रागाला मग मीच उभा राहिलो, तुलनेला एक शांतही काढून ठेवला. विज्ञानासाठी!

आणि प्रयोगाला बसलं कोण? सोनुनबुबू एजे! आमच्याकडे थोरल्या बाईला एजे म्हणतात; ही माझ्या कनिशायची आई! शुक्रवारी माझी आई कनिशायच्या कानात कानातले घालणार, म्हणजे साखरपुडाच, सगळं ठरलेलं, आणि या म्हणतात, "बघू तरी, जावई काय शिकून आलाय!" दोनशे नक्ष्या दाखवल्या. एर्गेशचा चेहरा ज्यांच्याखाली, त्या पसंत; माझा ज्यांच्याखाली, त्या सगळ्या नापसंत! मेंढ्याच्या शिंगांची जी नक्षी ही बाई जन्मभर शिवत आली, तिलाही म्हणते, "शी, ही नको!" मी आनंदाने नाचलो हो!

गुरुवारी एजे दारात. "बाळा, तुझ्यात खोट नाही. शिकलेला, दारू पीत नाहीस. पण का कोण जाणे... तू मनाला पटत नाहीस. आणि तो एर्गेश, किती मायाळू!"

मायाळू? एर्गेश? जो स्वतःच्या ट्रकला लाथा घालतो? "एजे," म्हटलं, "हा माझ्या प्रयोगाचा परिणाम आहे!"

"म्हणजे न सांगता माझ्या डोळ्यांत काहीतरी घातलंस?"

कनिशायकडे धावलो, तर ती म्हणते, "माझ्या आईवर प्रयोग? मला विचारलंस? आणि ओरडतोस कशाला?"

मी ओरडत नव्हतो! समजावत होतो! मी चिडलेलो नव्हतो!

शुक्रवारी कानातले आले. एर्गेशच्या आईने आणले. तो दात दाखवत उभा, आणि एजे त्याच्या तोंडात तळलेले गोळे, बोरसोक, भरवतायत!

काल ठरवलं, निदान शोधनिबंध तरी लिहू, अख्खं लग्न मोडलंय विज्ञानापायी. फोटो खणातून बाहेर काढून बघतो, तर रागाचा फोटो तसाच पडलेला, वापरलेलाच नाही! एजेंना शंभर वेळा दाखवला होता तो माझाच दुसरा. ज्याच्यावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'शांत'.

...असो. मी चिडलेलो नाही. माझं तोंडच असं आहे.