एकच पाय पांढरा

आमच्या दत्तूला घोड्याचा पिक्चर कवा दावू नका, गड्यांनो. सगळी मजा घालवतंय.

आमी कोरेगावातली घोडी पाळणारी चार डोकी. रविवारी जमतो आन् घोड्यांवरचा आवडता पिक्चर न्हाईतर पुस्तक एकमेकाला देतो. मिलिटरीतनं रिटायर झालेल्या नानांनी गेल्या खेपेला त्यांचा लाडका इंग्रजी पिक्चर लावला. घोडा नुसता पळत आला, तोवर दत्तू चहा फुंकत बोलला, “एकच पाय पांढरा. ह्येचा मालक मरणार.” दत्तू म्हंजे घोड्यांचा दलाल.

नाना भडकले. “तू आधी बघितलायस!”

“न्हाई वो. असला अपशकुनी घोडा आमी दारात बांधत न्हाई. ह्या येड्यानं बांधला. मरंल न्हाई तर काय?”

मालक खरंच मेला. नाना दर वेळी तिथं रडत्यात. त्या दिवशी दत्तूचं हसणं बघून त्यास्नी रडूबी येईना.

काल नानांनी सूड उगवायचा ठरवला. घोड्यावरचं जाडजूड पुस्तक आणलं, वरच्या चित्रावर पेपर चढवून. “आता घे. सगळं वाच, आन् मग शेवट सांग.”

दत्तूनं पहिलं पान ओठ हलवत वाचलं आन् पुस्तक मिटून नानांच्या हातात दिलं.

“चारी पाय आन् तोंड पांढरं. मालकाचं भलं हुतंय. दुसरं काय हाय का?”

आज सकाळधरनं नाना उंटावरचं पुस्तक शोधत्यात.