तलाठी मेला कोणत्या रिळात?

सोमवार होता की मंगळवार, हे मला शपथेवर विचारू नका… सोमवारच असावा, कारण गुरुवारी मी एका दिवसासाठी शेंदूरजनाघाटला, ताईच्या सासरी गेलो, तिथं संत्री इतकी खाल्ली की शुक्रवार ते रविवार पोटानं मला घराबाहेर पडू दिलं नाही, आणि ते पोट बिघडलं नसतं तर पुढचं सगळं आयुष्यच बिघडलं नसतं, पण ते नंतर सांगतो. म्हणजे सोमवार. किंवा मंगळवार! जाऊ द्या. एवढं मात्र पक्कं की साल एकोणसत्तर, गाव अकोला, सकाळचा साडेनऊचा शो, पुढून तिसरी रांग, आणि पिक्चर इंग्रजी, काळा-पांढरा. नाव सांगत नाही, त्याची तरी अब्रू राहू द्या. पण पाहिला. या डोळ्यांनी पाहिला हो, या डोळ्यांनी!

तुम्हाला सांगतो, त्या काळी अकोल्यात इंग्रजी पिक्चर म्हणजे सकाळचाच. रिळांचे डबे भुसावळहून पॅसेंजरनं यायचे, शुक्रवारपासून आठवडाभर चालायचे, आणि बारा वाजता हिंदी पिक्चरची गर्दी दारात धडका द्यायला लागायची, म्हणून त्याआधी इंग्रजी आटोपायचा. मग एखादं रीळ गाळलं काय, मागं-पुढं झालं काय, कोण विचारतो? थेटरात साठ माणसं, त्यातल्या अठ्ठावन्न जणांना इंग्रजीचा गंध नाही, एकोणसाठावा उस्मानभाई ऑपरेटर वर मशीनजवळ, आणि साठावा मी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, वही-पेन्सिल घेऊन! लोक हिरोला बघायला यायचे. मी यायचो तलाठ्याला बघायला.

तलाठी कोण? अहो, नट! त्याचं खरं नाव पाटीवर सतराव्या नंबरला यायचं आणि वाचून होण्याआधी जायचं. टक्कल, पडलेले खांदे, काखेत कायम एक जाड रजिस्टर. कधी हॉटेलचा कारकून, कधी कोर्टाचा, कधी तारमास्तर. तो पडद्यावर आला की मागून आरोळी यायची, “पाह्य पाह्य, तलाठी आला रे! सातबारा काढून घे!” आणि शिट्ट्या! हॉलिवूडमध्ये त्याला कोणी शिट्टी मारली नसेल हो, अकोल्यात मारायचे.

आणि काय काम करायचा! हिरो बोलत असताना हा ऐकायचा. नुसता ऐकायचा! तुम्ही करून बघा. आपण दुसऱ्याचं बोलणं कधी संपतं याची वाट बघतो, हा ऐकायचा. अंगठ्यानं रजिस्टरची कड हळूच घासायचा, आणि तेवढ्यावरून कळायचं की याची बायको आजारी आहे, घरी कोणी वाट बघत नाही, बूट चावतोय. हिरोला हे सांगायला तीन पानांचं भाषण लागायचं, पाऊस लागायचा, व्हायोलिन लागायचं. याला अंगठा पुरायचा.

तर तो पिक्चर. हॉटेलात भामटे शिरतात, गोळीबार होतो, हिरोची टोपी गोळीनं उडते, आणि तलाठी जिन्यावर मरतो. रजिस्टरसकट गडगडत खाली. मग हिरॉइन आगगाडीनं निघून जाते, आणि शेवटी… शेवटी काय? हिरो ओला कोट घालून हॉटेलात येतो, टोपी डोक्यावर जशीच्या तशी, आणि काउंटरवर कोण उभा? तलाठी! मेलेला तलाठी! एक शब्द बोलत नाही. खोलीची चावी पुढं सरकवतो, बोट क्षणभर चावीवरच ठेवतो, जणू द्यावी की न द्यावी… आणि किंचित हसतो. की लाइट लागले! ‘द एंड’सुद्धा नाही! पब्लिक शिट्ट्या मारत घरी गेलं, आणि मी खुर्चीतच, वहीत खरडत. अहो, मेलेला माणूस जिवंताला खोली देतो! बुधवारी पुन्हा गेलो, गुरुवारी पुन्हा गेलो. तेच! या डोळ्यांनी पाहिलं हो, या डोळ्यांनी!

मग मी लिहिलं. माझी डॉक्टरेट म्हणाल तर लोकांच्या पुस्तकांवर, त्यात माझी अशी फक्त शाई. पण ‘मरणोत्तर अभिनय’ हा निबंध माझा! बत्तीस पानं. त्यात साडेतीन पानं नुसती टोपीवर, म्हणजे उडालेली टोपी परत येते ती देहाची की आत्म्याची वगैरे… आणि दोन पानं ‘द एंड’ नसण्यावर, की दिग्दर्शकानं मृत्यूला शेवट मानायलाच नकार दिला आहे! अमरावतीच्या कॉलेजात एकतीस वर्षं, एकतीस बॅचना हे शिकवलं. पोरं माना डोलवायची. आयुष्यात एकच शोध लावला मी. तो तेवढा माझ्यामागं राहावा, एवढीच इच्छा होती.

मग दोन हजार एकोणीस साली अमरावतीच्या एका फिल्म क्लबनं व्याख्यान ठेवलं. विषय, हॉलिवूडचे उपेक्षित नट. आठ दिवस मला जेवण जाईना. नाव चुकलं तर? साल चुकलं तर? बायको, पौर्णिमा, म्हणाली, “काहून एवढे घाबरून राहिले? अमरावतीत कोणं पाह्यला तो पिच्चर?” आणि तेच तर माझं बळ होतं! पण आदल्या दिवशी नात, खुशी, इंजिनिअरिंगला होती तेव्हा, उड्या मारत आली, “आबा, नेटवर अख्खा पिक्चर सापडला! तुमचं भाषण झालं की दाखवू!” तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षांनी तलाठी भेटणार! आधी एकदा बघून घ्यावा, एवढी अक्कल डॉक्टरेटवाल्याला सुचू नये? गरजच काय! या डोळ्यांनी पाहिला होता ना!

भाषण झालं. टोपी झाली, आत्मा झाला, टाळ्या झाल्या. अध्यक्ष पंजाबराव, निवृत्त शिक्षणाधिकारी, शेजारच्या खुर्चीत गहिवरलेले. अंधार झाला, पिक्चर सुरू झाला… आणि अकराव्या मिनिटाला हिरो ओला कोट घालून हॉटेलात आला!

अकराव्या मिनिटाला हो! टोपी डोक्यावर! काउंटर, चावी, बोट, ते किंचित हसू… सगळं अकराव्या मिनिटाला! मी खुशीच्या कानात म्हटलं, “अगं, तू उलटं लावलंस. शेवटून सुरू केलंस.” ती म्हणाली, “आबा, नेटवर शेवटून लागत नाही.” मागून कोणी तरी ओरडलं, “सर, हा तं अजून जित्ता हाये! भूत कधी होईन?” आणि हशा! पंजाबराव मांडीवर उपरणं टाकून म्हणाले, “सर, तो मेला की उठवजा मले,” आणि खरोखर झोपले! तलाठी मेला तो शेवटून दुसऱ्या प्रसंगात. मग आगगाडी. मग ‘द एंड’. चांगलं हातभर मोठ्या अक्षरांत!

घरी आलो. पौर्णिमा म्हणाली, “एवढं मनाले काहून लावून घेता? कारकूनच तं होता.” कारकून! अहो, एकतीस बॅच! त्यातले चौघं स्वतः प्राध्यापक आहेत, ते आता त्यांच्या पोरांना तीच टोपी शिकवत असतील!

मला वाटलं, वेड लागलं. मी जे पाहिलं ते पाहिलंच नाही? चौथ्या दिवशी एसटी पकडली, अकोला गाठलं. टॉकीजच्या जागी साड्यांचं दुकान. विचारत विचारत उस्मानभाईच्या घरी पोचलो. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, कान तीक्ष्ण. त्याची सून शाहीन चहा ठेवून गेली. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला… आणि मग हसायला लागला हो! हसता हसता खोकला.

“सर, वो पिक्चर मैंने शुक्रवार, शनिवार, इतवार सीधा चलाया. तलाठी मर जाता था, और पब्लिक मुंडी नीचे डालके निकलती थी, जैसे मय्यत से आई. मेरेको बुरा लगता था. एक ही तो आदमी था जिसको सब सीटी मारते थे! तो सोमवार से मैंने दो नंबर का रीळ आखिर में लगाया. ‘द एंड’ आया की मशीन के आगे पुठ्ठा, इधर दुसरी मशीन चालू. चावी दिया, हँसा, की बत्ती जला दी. तलाठी जिंदा! सब खुश!”

मी म्हटलं, “आणि मॅनेजर?”

“मनीजर को अंग्रेजी कहाँ आती थी! एक आपकाच डर था. आप सामने बैठते थे, वही लेके. मैं ऊपर से देखता, आज ये पढालिखा पकडेगा मुझे… आज पकडेगा… पर तुमी तं लिहूनच घेऊन राहिले!”

ऐकलंत? शुक्रवारी गेलो असतो तर? पोट ठीक असतं तर? माझा सिद्धांत, माझी टोपी, माझा आत्मा, सगळं एका पुठ्ठ्यावर आणि दीड डझन संत्र्यांवर उभं! पण मला राग येईना. बत्तीस पानं लिहून मी तलाठ्यासाठी जे करू शकलो नाही, ते या माणसानं एक रीळ हलवून केलं होतं. मी म्हटलं, चला, शोध गेला तर गेला, नट तर खरा आहे! चावीवरचं ते बोट तर खरं आहे! ते तर या डोळ्यांनी…

थांबा. संपलं नाही.

खुशीला कोणतीही गोष्ट अर्धवट सोडवत नाही, माझ्यावर गेली आहे. तिनं परदेशातल्या एका चित्रपट-संग्रहालयाला पत्रांवर पत्रं लिहिली. पाच वर्षांनी, म्हणजे गेल्या वर्षी, उत्तर आलं, त्या पिक्चरमधल्या नटांची यादी. ‘हॉटेलचा कारकून, दिवसपाळी’: समोर तलाठ्याचं नाव. आणि त्याखाली… ‘हॉटेलचा कारकून, रात्रपाळी’!

दोन कारकून! मी भिंग घेतलं, खुशीनं पडदा थांबवला. जिन्यावर मरतो त्याचे कान डोक्याला चिकटलेले. चावी देतो त्याचे कपाच्या कानासारखे बाहेर. टक्कल तेच, खांदे तेच, रजिस्टर तेच, माणूस निराळा! ज्या एका बोटावर मी पन्नास वर्षं जीव टाकला, ते बोट तलाठ्याचं नव्हतंच. जगात त्या बिचाऱ्याचा एकच चाहता, डॉक्टरेटवाला, आणि त्यालाही तो ओळखू आला नाही! म्हणजे तलाठी मेला तो मेलाच, आणि उस्मानभाईनं जिवंत ठेवला तो भलताच. कोण होता? यादीत पाहिलं. ‘रात्रपाळी’च्या पुढं लिहिलंय: नाव नोंदलेलं नाही.

परवा उस्मानभाईचा फोन आला. आता अंथरुणातून उठवत नाही त्याला, पण विचारतो दर वेळी, “सर, अपना तलाठी कैसा है?”

काय सांगणार? मी म्हटलं, “मजेत आहे, भाई. हल्ली रात्रपाळीला असतो.”