शंभर टक्के पडदा

…आणि वर दाजी विचारतात, "काय रे, तुझ्या यंत्रांचं आपसात भांडण झालं का?" भांडण झालं असतं तर परवडलं असतं, पण तुम्हाला सांगतो, एकमेकांशी अगदी गोड बोलली ती, मॉडेल एकच होतं हो…

झालं असं, की ताई मुलं मोठी करून पुन्हा रंगमंचावर उभी राहणार, थिएटरात दिव्यांचं पॅनेल एका कंपनीचं, पडद्याची मोटर दुसरीची, आणि पॅनेलवरूनच पडदा उघडावा म्हणून दोन्ही जोडून द्यायचं काम माझं, म्हणजे मीच मिरवत मागून घेतलेलं. दोघांचं सॉफ्टवेअर एकाच प्रमाणित मॉडेलवरून केलेलं. मॉडेल म्हणजे काय, तर आराखडा: पडदा नावाची वस्तू आणि तिला एक आकडा, शून्य ते शंभर. मोटरवाला म्हणाला, "साहेब, एकदा पडदा हलवून बघू या." मी काय म्हणावं? "कशाला? मॉडेल एकच आहे." जीभ कशी झडली नाही माझी…

प्रयोग सुरू. मी 'उघड' दाबलं, पॅनेलनं शंभर पाठवले. आता पॅनेलच्या लेखी शंभर म्हणजे पूर्ण उघडा, आणि मोटरच्या लेखी? पूर्ण खाली! आराखड्यात तेवढंच लिहायचं राहिलेलं. पडदा आधीच खाली, मोटरचं उत्तर आलं, 'आदेश पूर्ण'. लोक कापडाकडे बघतायत, मी पुन्हा दाबतोय, पुन्हा 'आदेश पूर्ण', आणि आतून माइकवर ताईचा आवाज, "अरे मेल्या, उघड ना…"

म्हटलं बंद करून पुन्हा करू, 'बंद' दाबलं, तर पडदा सर्रकन वर! समोर ताई. शोकाकुल आईची भूमिका, आणि कमरेवर हात ठेवून विंगेकडे डोळे वटारलेले. लोक खो खो हसले. मी घाबरून 'उघड' दाबलं… पडदा तिच्या अंगावरच खाली आला. पुढे प्रयोग नीट झाला म्हणतात, मला काही दिसलं नाही, मी मान वर केली कुठे?

दोन्ही कंपन्यांना विचारलं. "आमचं प्रमाणाप्रमाणेच आहे." प्रमाण ठरवणाऱ्या समितीला विचारलं. "दोघांचंही बरोबर आहे." मॉडेल एकच होतं हो, मग चुकलं कोण? उरलो मी.

ताईनं चार शिव्या दिल्या असत्या तर रात्री झोप तरी लागली असती. काल तिचा फोन आला, पुढच्या प्रयोगाला ये म्हणाली. मला भरूनच आलं. म्हटलं, "ताई, काय काम करू?"

"पहिल्या रांगेत बस," म्हणाली. "हात मांडीवर ठेवून."