बाबांचा ब्रेक

आमचे बाबा माहितीयत ना? मी गाडी चालवत असलो की शेजारी बसून हवेतच ब्रेक दाबतात. पुण्याहून इकडे परदेशात माझ्याकडे आले तेव्हा त्यांना माझ्या फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानात शेजारी बसवलं; चालवणारा मीच. शेपटीला चाक असलेलं हे विमान उतरताना जोरात ब्रेक मारला तर नाकावर उलटतं. आणि शेजारच्या सीटलाही पेडल असल्यानं बाबांच्या पायाशी खरेखुरे ब्रेक!

म्हटलं, "बाबा, मांडी घालून बसा."

पामर्स्टन नॉर्थ शहराबाहेरच्या एवढ्याशा गवती धावपट्टीवर उतरलो. विमानानं दोन उड्या मारल्या, समोरचं कुंपण अंगावर आलं आणि पलीकडच्या मेंढ्यांच्या तोंडाशी कसेबसे थांबलो.

घाम पुसत म्हटलं, "बघा, थांबलं!"

"थांबणारच," मांडी सोडत बाबा म्हणाले, "मगापासून पायाचा अंगठा दाबून धरलाय मी."